वीस अक्षरांची जागा

सर, त्या सकाळी पाणी उशिरा आलं होतं. डोंबिवलीच्या खोलीत मी पिंप भरलं, दूध तापवलं, मुलीच्या वेण्या घातल्या आणि धावतपळत ठाण्याला ऑफिसात पोचले, तर तुम्ही कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभे. माझे हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. प्रोग्रामिंग मी घरी पुस्तकं वाचून शिकलेले, आणि तेवढ्यावर तुम्ही मला कर्नेलच्या कामाला घेतलंत. मशीनचा तो गाभा. तिथे चुकलं की एक प्रोग्राम नाही, अख्खं मशीन बंद पडतं.

"अगं, हे नाव मशीन वापरणारा माणूस टाइप करणार. तू न मोजता सरळ आत घेतेस?"

"वीस अक्षरांची जागा ठेवलीय, सर."

"ते तुला माहीत. त्याला कोण सांगणार, तू? आधी लांबी बघ. मापाइतकंच आपल्याकडे उतरवून घे, मग तपास. आणि एकदा घेतलं की पुन्हा त्याच्याकडे बघायला जायचं नाही. तोवर त्याने बदललेलं असतं."

तीन ठिकाणी ते नाव आत यायचं. दोन ठिकाणी मी माप लावलं, तिसरं नजरेतून सुटलं. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "पूर्ण नाव टाकून बघितलंस ना?" मी हो म्हटलं. तुम्ही सही केलीत.

महिन्याभराने कल्याणच्या एका कारखान्यात ते मशीन गेलं. तिथल्या कारकुनाने आपल्याकडे लिहितात तसं स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आडनाव असं सगळं टाइप केलं, आणि सगळे पडदे एकदम थिजले. मोठ्या साहेबांनी आत बोलावून विचारलं, हे कोणाचं काम? "माझं," तुम्ही म्हणालात. मी शेजारीच उभी होते. बाहेर आल्यावर एवढंच बोललात, "तुला मुलगी आहे," आणि डबा पिशवीत घालून निघालात. पुन्हा आला नाहीत. दिवाळीच्या आत तुम्ही वारल्याचं कळलं. त्याआधी एकदाही मी तुमच्या घरी आले नव्हते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी पूर्ण नाव टाकून बघितलंच नव्हतं, सर. नुसतं माझं टाकलं होतं. आळस नव्हता तो. मध्ये ह्यांचं नाव येतं, आणि ते टाइप करायला बोटं वळत नव्हती.

तुम्ही ऑफिस सोडून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे जेवायला उठल्यावर, मी ह्यांच्या नावासकट माझं पूर्ण नाव टाइप केलं. मशीन बंद पडलं. ते पुन्हा चालू केलं आणि लांबी मोजणारी ओळ लिहिली.