चावीवाल्याचं म्हणणं

शनिवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या भावजींनाही. आईचा गुडघा बरा आहे, जिना चढताना तेवढी कुरकुर करते. गुडघा नव्हे, आईच.

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते, नाहीतर पुढे लिहिताच येणार नाही. मी लिहिलं होतं की नव्या घरांबद्दलच्या सभेला अण्णा आले, मागच्या रांगेत बसले आणि काही न बोलता घरी गेले. ते खरं नाही. अण्णा बोलले. चांगली तीन मिनिटं बोलले.

नीट सांगते. जुन्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत तीनशे घरं व्हायची आहेत, तुम्ही दोघांनी अर्ज केलाय तीच. परवानगी देण्याआधी आमच्या मंडळाला रहिवाशांचं ऐकून घ्यावं लागतं. त्या दिवशी सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं खिडक्यांना टेकून उभी होती. मी अध्यक्षांच्या डाव्या हाताला इतिवृत्त लिहायला बसले होते. कोण काय बोललं ते लिहायचं, एवढंच माझं काम. पण इतिवृत्तात आलेल्या प्रत्येक मुद्द्याला इंजिनियरसाहेबांना लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि न आलेल्या मुद्द्याला कुणीच विचारत नाही.

पहिला उठला आपला इस्त्रीवाला. म्हणाला, "आताच नळाला करंगळीएवढी धार येते. तीनशे घरं आली की कपड्यांवर काय शिंपडू? थुंकू?" सगळे हसले. अध्यक्षही हसले, मग गंभीर झाले. शाळेच्या बाई म्हणाल्या की वर्गात आधीच साठ मुलं आहेत, नवीन आली तर ती त्यांच्या टेबलाखाली बसवावी लागतील. मी हे सगळं लिहून घेतलं. इस्त्रीवाल्याला चार ओळी, बाईंना पाच. थुंकणं तेवढं गाळलं.

मग अण्णा उठले. खाकी शर्ट घालून आले होते, कामावरचा.

अध्यक्षांनी विचारलं, "आपण कोण?"

"चावीवाला. एकतीस वर्षं या भागाचं पाणी सोडलंय."

एवढंच. हिचा बाप, असं म्हणाले नाहीत. सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली, फक्त माझ्यावर आणली नाही.

"इंजिनियरसाहेबांनी आत्ता नकाशात दाखवलं, गोदामापासून शाळेपर्यंत सहा इंची पाइप आहे. तसा तो नाही. शाळेसमोर फुटला होता, तेव्हा चार इंचीचा तुकडा घातला. तात्पुरता. मीच धरला होता. बावीस वर्षं झाली, अजून तात्पुरताच आहे." लोक हसले. अण्णा थांबले, मग म्हणाले, "घरं होऊ देत. माझी थोरली यायची आहे तिथे राहायला, मला का नको असतील? पण आधी तो तुकडा बदला. नाहीतर घरं भरतील आणि नळ कोरडे पडतील. तिचाही, आमचाही."

ताई, यावर मी लिहिलं: "एका रहिवाशाने पाण्याविषयी काळजी व्यक्त केली."

मला वाटलं, स्वतःच्या वडिलांचं सविस्तर लिहिलं तर पक्षपात होईल. माझी नोकरी अजून पक्की नाही, कुणी बोट दाखवायला नको. हे मी पाच दिवस स्वतःला सांगत होते. आणि इतिवृत्तात अण्णा नाहीत, म्हणून तुझ्या पत्रातूनही काढून टाकले. दोन्ही कागद जुळायला हवेत ना.

पण पक्षपाताचा विचार नंतर आला. पेन त्याआधीच थांबलं होतं. कचेरीतल्या मोठ्या बाईंना मी सांगितलंय की माझे वडील पाणीखात्यात होते. त्या त्यांना अधिकारी समजतात, आणि मी समजू दिलं. अण्णा त्या शर्टात उभे राहिले तेव्हा माझ्या मनात एकच होतं, आता बसा. पाइपचं बोलायला लागायच्या आधीच हे मनात होतं. भावजी, हे वाक्य गाळू नका. मीच तुम्हाला वाचायला सांगतेय.

तू पॅकिंगच्या कामाला लागलीस तेव्हा मी तिसरीत होते. घरात अक्षर ओळखणारी पहिली मी, आणि त्या अक्षरांनी केलं काय, तर घरच्याच माणसाला "एक रहिवासी" करून टाकलं.

त्या संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "माझं लिहिलंस ना?" मी म्हटलं, "लिहिलंय." ते खूश. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याला सांगत होते, "आपल्या लेकीने लिहून घेतलंय. आता साहेबांना शाळेसमोर खणावंच लागेल." मी दाराआड उभी राहून ऐकलं.

काल सांगून टाकलं त्यांना. मोरीतल्या नळाचा वायसर बदलत बसले होते. मी सगळं सांगितलं, शर्टाचंही. बराच वेळ पाना फिरवत राहिले. मग म्हणाले, "चुकीची चावी फिरवली की पाणी भलत्या गल्लीत जातं. मग काय करतात? परत फिरवतात. तिथे बसून रडत नाहीत." जरा वेळाने म्हणाले, "आणि नीट लिही. एकतीस वर्षं. तीस नाही." आई आतून ओरडली की नळ आधी बसवा, भाषण नंतर.

आज मोठ्या बाईंकडे गेले. चावीवाला म्हणजे कोण, तेही सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लेखनिक सभेत बोलत नाही," म्हणाल्या. "पण इतिवृत्त मंजूर करताना अध्यक्ष दुरुस्ती विचारतात. लेखनिकाची चूक लेखनिकाने सांगायला हरकत नाही. उभी राहून सांग, आणि पुटपुटू नकोस." मग स्वतःच कोरा कागद दिला. त्यावर अण्णांचं म्हणणं लिहिलंय, सात ओळी झाल्या.

तुला एक सांगायला हवं. शाळेसमोर खणून तुकडा बदलेपर्यंत परवानगी थांबेल. तुमचं घर तीन-चार महिने लांबेल, कदाचित जास्त. रागवायचं असेल तर रागव. पण येशील तेव्हा नळाला पाणी असेल, आणि अण्णा रोज सकाळी ते बघायला तुझ्या दारात हजर असतील, याची तयारी ठेव.

नोकरीचं काय होईल माहीत नाही. बाईंनी कागद दिला, यावरून मला वाटतं की होईल नीट.

उभी राहून काय बोलायचं ते पाठ केलंय: "दुरुस्ती आहे. चूक माझी आहे. बोलणारे गृहस्थ चावीवाले आहेत आणि ते माझे वडील आहेत." नंतर सात ओळी वाचणार. सभा गुरुवारी, एकोणीस तारखेला, सकाळी अकरा वाजता आहे.

तुझी,
अण्णांची धाकटी