फ्रिजमधलं इंजेक्शन मी नेलंय

धाकट्या,

फ्रिज धुंडाळू नकोस. तुझं सांध्यांचं इंजेक्शन मी बर्फाच्या थर्मासात घालून सोबत नेलंय. घरी ठेवलं असतं तर कामावरून आल्या आल्या तू ते पोटात टोचून मोकळा झाला असतास. आणि तुझा फोन तर बंद.

महिनाभर खोकतोयस आणि म्हणतोस, धूळ आहे. आज तुझी चादर घामानं भिजलेली बघितली. माझ्या भावाची, तुझ्या घड्याळजी मामाची चादर अशीच भिजायची. त्याला टीबी होता. तू नुकता चालायला लागला होतास. दुपारी त्याच्या छातीवर झोपायचास, खिशातल्या घड्याळाला कान लावून. उचललं की भोकाड पसरायचास.

घरात कुणालाच टीबी नव्हता, असं तू डॉक्टरांना सांगितलंस. तुला कसं आठवणार? मी दवाखान्यातल्या नर्सला फोन केला. ती म्हणाली, "आजी, हे इंजेक्शन प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं, मग वर्षानुवर्षं झोपलेला टीबी उठतो. सुरुवातीला तुमच्या मुलाची टीबीची तपासणी चांगली आली होती, पण तेव्हा ते स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते, त्यानं ती फसू शकते. आजचा डोस अजिबात घेऊ देऊ नका."

नंबर लावायला दवाखान्यात पुढे गेलेय. तू तसाच ये. सांधे ठणकतील, माझ्यावर चिडशील, चीड, पण ये. जिन्यात तुझा खोकला ऐकू येईपर्यंत मी डॉक्टरांना खुर्चीतून उठू देणार नाही.

आई