फळ न धरणारी रायमुनिया

कात्रज, पुणे
१२ जून २०२३

तीर्थरूप महिपतीमामांस,
अभिनवचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून प्रेमाच्या गोष्टी सांगता येत नाहीत, म्हणून हे पत्र. हो, प्रेमाच्याच. आईला एवढ्यात कळवू नका. तिचं नाव पूर्णिमा. मी ज्या नर्सरीत कामाला आहे, तिथेच ती बागांचे आराखडे काढते. शेतकी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, हा पोरगा कुठे रुजायचा नाही. रुजलो, मामा.

आता कामाचं. इथे टेकडीला लागून एक सोसायटी आहे. पाणी टँकरचं, जमीन मुरमाड, आणि लोकांना बारा महिने फुलं हवीत. पूर्णिमाने विचारलं, पाण्यावाचून तगेल असं काय आहे. मला तुमच्या अंगणातली रायमुनियाच आठवली, मामींची, फिकट जांभळी आणि मधे पिवळी. इथे तिला घाणेरी म्हणतात. नाव काढलं तशी पूर्णिमा दचकली. म्हणाली, फळं धरली की बुलबुल खातात, बिया टेकडीवर पडतात आणि दोनचार वर्षांत टेकडीवर दुसरं काही उरत नाही. मी म्हटलं, आमच्या मामींच्या झाडाला फळच धरत नाही. दहा उन्हाळे त्या अंगणात काढले, एक मणी पाहिला नाही.

ती म्हणाली, तरी मामांना एकदा विचार, त्यांचा जन्म जंगलात गेलाय. मी सांगून टाकलं, विचारलंय, नाही धरत. आता डोळ्यांनी पाहिलेलं परत काय विचारायचं? तुम्ही फक्त साठ फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या गाडीत द्या. मी कात्रजला उतरवून घेतो.

तुमचा लोभ आहेच, या साठ फांद्यांपुरता तो थोडा वाढवावा.

आपला,
अभिनव

पांढरकवडा
२० जून २०२३

चि. अभिनव यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गडी प्रेमात पडला आणि अक्षर सुधारलं, हे बरं झालं. कॉलेजात असताना तुझी चिठ्ठी मला कंपाउंडरकडून वाचून घ्यावी लागायची.

साठ मागितल्यास, सत्तर पाठवतो आहे, दहा मरतील असं धरून. पेन्सिलीएवढ्या जाड घेतल्या आहेत. खालची पानं काढ, सावलीत लाव, महिनाभर हलवू नकोस. कापताना तुझ्या मामीची फार आठवण आली. रेंजरच्या बंगल्यातून एक फांदी पदराखाली लपवून आणली होती बाईने, आणि मी वनरक्षक! तीस वर्षं सरकारने मला रायमुनिया उपटायचा पगार दिला आणि माझ्या अंगणात ती फुलत होती. गोदाबाई असती तर आज गावभर सांगत सुटली असती, की माझं झाड पुण्याला चाललं.

फळाचं तू पाहिलंस ते पाहिलंस, त्यावर मी आणखी काय लिहू. पोरीला फुलं आवडली का ते कळव.

गुडघे साथ देत नाहीत, बाकी ठीक. अधूनमधून आठवण ठेवावी, म्हाताऱ्याला तेवढं पुरतं.

तुझा,
महिपतीमामा

पुणे
९ सप्टेंबर २०२४

महिपतीमामांस,
सा. न.

तीर्थरूप लिहायला हात वळत नाही, म्हणून लिहिलेलं नाही.

तुमच्या झाडाला फळ धरतं. नुसतं धरत नाही, घोसच्या घोस लागतात, काळे, चकचकीत. झाडं लावून आम्ही दुसऱ्या कामावर गेलो. फळ नाही तर राखण कसली, असं मीच म्हटलं होतं. गेल्या हिवाळ्यात सोसायटीच्या कुंपणावर बुलबुलांची पंगत बसत होती, आणि लोक कौतुकाने फोटो काढत होते.

टेकडीवर दर रविवारी काही मंडळी कॅन भरभरून पाणी नेतात, झाडं जगवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी पूर्णिमाला वर बोलावलं. मीही गेलो. सोसायटीच्या मागच्या उतारावर नवी घाणेरी उगवली आहे, गुडघ्याएवढी, आणि फूल फिकट जांभळं, मधे पिवळं. पुण्याच्या टेकड्यांवरची नारिंगी नाहीतर गुलाबी असते. कुणाची ते विचारायची गरजच उरली नाही. त्यांच्यातले श्यामसुंदरकाका म्हणून निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी पूर्णिमाला हात जोडले आणि म्हणाले, आपण बाग फारच मोठी केलीत, आम्हाला एवढी नको होती.

पूर्णिमाने सोसायटीला सहीनिशी लिहून दिलं होतं की या झुडपाला फळ धरत नाही. माझ्या शब्दावर दिलं होतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. नर्सरीत समोरून जाते आणि तिला मधे मी नाही, एखादी रिकामी कुंडी दिसत असावी.

तुम्हाला माहीत होतं. तीस वर्षं जे हातांनी उपटलं, ते तुम्हाला माहीत नाही, असं कसं होईल? मी जगात एका माणसावर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि त्याने मला सत्तर फांद्या बांधून दिल्या. दहा मरतील म्हणाला होतात. एकही मेली नाही.

लोभाबद्दल काही लिहीत नाही.

अभिनव

पांढरकवडा
१७ सप्टेंबर २०२४

चि. अभिनव यास,
आशीर्वाद. नको असले तरी असू दे.

माहीत होतं.

तुझी मामी रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी अंगणात जायची आणि सुकलेला प्रत्येक गुच्छ अडकित्त्याने उडवायची. हातात सुपारीचा अडकित्ता, दुसरं काही नाही. माझी नोकरी जाऊ नये म्हणून. फूल सुकलं की त्याच दिवशी गेलं, मग फळ कुठून धरणार? ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. सहा वर्षं झाली, एक दिवस चुकवलेला नाही. तू सुट्टीत यायचास तो नऊला उठायचास. तुला झाड कायम धुतल्यासारखं दिसलं.

हे त्याच वेळी लिहायला हवं होतं. पण कॉलेज सोडल्यापासून तू पहिल्यांदा खुशीत दिसलास, आणि मला वाटलं, तिचं झाड शहरात फुलेल. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, असं मनाला समजावत होतो. खरंही लिहिलं नाही. जंगलात असं करणाऱ्याला मी धरून चौकीवर नेलं असतं.

आता ऐक. नुसतं कापू नकोस, कापल्याने ती दुप्पट फुटते. जमिनीखाली चार बोटं कुदळ घाल, मुळाची गाठ तोड, आणि झुडूप तिथेच उलटं करून ठेव, मुळं आभाळाकडे. मग परत मूळ धरत नाही. हिरवी फळं आधी खुडून घे, काळी व्हायची वाट पाहू नकोस. अडकित्ता पार्सलने पाठवला आहे.

पूर्णिमाला नर्सरीच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकलं आहे. सगळा दोष माझा आहे, अभिनवने मला फळाबद्दल विचारलंच नव्हतं, त्याने पाहिलं तेवढं सांगितलं, असं लिहिलं आहे. एवढ्याने तरी तुझं काम व्हावं.

अंगणातलं झाड अजून आहे. गुडघ्यांमुळे आता खाली वाकवत नाही, तीन दिवस चुकले तर फळ धरेल. काढायला गेलो होतो, कुदळ उचलली आणि परत ठेवली. काय करू ते तू सांग.

रागावलास तरी लिहीत जा, एवढंच मागतो.

तुझा,
मामा

पुणे
१३ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

अडकित्ता पोचला. गेले तीन रविवार टेकडीवर आहे. सोसायटीतली सत्तरही झुडपं उपटली आणि उलटी करून ठेवली. श्यामसुंदरकाका पाहून गेले आणि म्हणाले, पहिल्यांदाच बाग बरी दिसते आहे.

तुमचं पत्र पूर्णिमाला मिळालं. आज सकाळी ती वर आली, मला वाटलं सुटलो. तिने पत्र माझ्या हातात दिलं, त्यातल्या एका ओळीखाली पेनने रेघ मारलेली. अभिनवने मला विचारलंच नव्हतं, ही ती ओळ. मी वाचेपर्यंत थांबली. मग म्हणाली, मामांनी लपवलं ते मामींसाठी. तू मला विचारलंय म्हणालास, ते कुणासाठी?

तुम्ही मला वाचवायला लिहिलं आणि नेमकं तिथेच मी सापडलो. तिला खूश करायचं होतं आणि पत्राच्या उत्तराची आठ दिवस वाट पाहायची नव्हती, एवढंच ते होतं. तुमच्यावर इतकी आग पाखडली आणि पहिलं खोटं माझंच निघालं, तेही तुम्हाला हसत हसत लिहून कळवलेलं. ती उताराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रोपं उपटत बसली. दुपारी एकटीच खाली गेली. पुढच्या रविवारी येणार आहे, टेकडीसाठी. तसं स्पष्ट सांगून गेली.

तुम्हाला माफ केलं, असं लिहिणार होतो. पण ते अजून खरं नाही, आणि खरं नसलेलं लिहायचं नाही, असं ठरवलंय. खरं होईल तेव्हा कळवीन.

मामींच्या झाडाला तुम्ही हात लावू नका. दिवाळीत येतो आणि मीच काढतो. तोवर शेजारच्या कुणाला तरी सांगून गुच्छ खुडून घ्या. आलो की काढायच्या दिवसापर्यंत मी खुडीन. पहाटे उठवावं लागणार नाही. आता जाग येते.

लोभ तुटला नाही, एवढं आज लिहू शकतो.

आपला,
अभिनव