शेकोटीतला ठोकळा

बुधवार, ८ जानेवारी. चंडीगड.

संध्याकाळी बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलात बलदेवला भेटून आलो. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढलाय. वीस वर्षं ट्रकखाली झोपून काम केलेला मिस्त्री. चादरीकडे बघवेना.

वर्कशॉपमधला नियम माझाच आहे. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, ॲक्सलखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणी ट्रकखाली शिरायचं नाही. काल एक ठोकळा कमी पडला, म्हणून बलदेवने तिथे विटा रचल्या. जॅक सरकला आणि विटांचा भुगा झाला. वीट असा भार पेलत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

पण ठोकळा कमी का पडला? परवा सकाळी दाट धुकं होतं, दाराशी शेकोटी पेटवली होती आणि त्यात तो जळत होता. ऑइल पिऊन काळा पडलेला, मी बघताक्षणी ओळखला. तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी मात्र हात शेकत उभा राहिलो. म्हटलं, नवा करून घेऊ एक-दोन दिवसांत. आणि मी म्हणे फोरमन.

बलदेव म्हणाला, "गलती मेरी थी, साबजी. ईंटें मैंने रखी थीं."

शेकोटीतल्या ठोकळ्याचं मी त्याला सांगितलं नाही.

त्याच्या बायकोने थर्मासातला चहा ओतून माझ्यापुढे धरला. "पकड़ो जी, हाथ ठंडे होंगे."

तो गरम कप मला हातात धरवेना.