फॉरमॅट मारण्याआधी

आप्पा, आज तुमच्या कॉम्प्युटरला फॉरमॅट मारला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी आईने त्याच्यावरचं कव्हर कुणाला काढू दिलं नव्हतं. आता तो गावातल्या वाचनालयाला द्यायचं तिनेच ठरवलंय, पण चालू करून. आठवडाभर धडगावला ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, शनिवारी जीपमध्ये कोंबून घाट उतरायचा आणि घरी येऊन पुन्हा तेच. खरं सांगते, जीव कंटाळलाय. हा नुसता चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो, आणि आई दर दोन मिनिटांनी विचारते, झाला का.

शाळेतून रिटायर झालात तेव्हा तुम्ही हा घेतला, अर्ज टाईप करायला. अख्ख्या गावाचे अर्ज तुमच्याकडे. हातपंप, रेशनकार्ड, वाकलेला विजेचा खांब. अक्षर चांगलं होतं तुमचं, पण टाईप केलेला कागद साहेब बाजूला टाकत नाही, असं तुमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दोन बोटांनी टाईप करता करता तुम्ही प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायचात, आणि ‘विनंती’ पुरी होईपर्यंत समोरचा माणूस बाहेर जाऊन बिडी ओढून यायचा. मला हसू यायचं आणि लाजही वाटायची. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते ना, शिंगं फुटली होती मला.

मग चुलत बहिणीच्या लग्नाचे फोटो मी पेन ड्राइव्हवरून त्यात टाकले. दोन दिवसांत तुमच्या सगळ्या फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसायला लागले, आणि त्यातून एकही अर्ज उघडेना. ओट्यावर तीन माणसं अर्ज न्यायला बसलेली. त्यांच्यादेखत मी तुम्हाला म्हणाले, “तुमले येत नही ते हात कसाले लावतस? आते याले शिवू नका.”

“मी ते काहीच नही करं, बेटा,” एवढंच तुम्ही म्हणालात, आणि चष्मा काढून डबीत ठेवलात. त्यानंतर तुम्ही त्याला खरंच शिवला नाहीत. अर्जाला कुणी आलं तर तालुक्याच्या टाईपिंगवाल्याकडे पाठवायचात. हळूहळू माणसं यायचीच बंद झाली.

चार दिवसांनी कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी माझा पेन ड्राइव्ह लावला आणि लगेच काढून हातात दिला. म्हणाले, व्हायरसने भरलाय, कुठे कुठे लावत फिरतेस? मला तिथल्या तिथे कळलं, आप्पा. घरी जाऊन सांगायचं, हे एस.टी.तून फाट्यावर उतरेपर्यंत ठरलेलं होतं. तिथून चालत घरी आले तर तुम्ही ओट्यावर पेपर वाचत होतात. मी जेवले आणि झोपले. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. दोन वर्षांत मला एक वाक्य बोलता आलं नाही.

आज फॉरमॅट मारण्याआधी पाहिलं, तर तुमचं काहीच गेलेलं नव्हतं. व्हायरसने फोल्डर फक्त लपवून ठेवले होते; काढायला पाच मिनिटं लागली. तेव्हाही पाचच लागली असती. सगळ्यात शेवटचा अर्ज एस.टी.च्या आगारप्रमुखांना आहे, गावापर्यंत संध्याकाळची गाडी सुरू करण्यासाठी. “कॉलेज सुटल्यावर परतीची गाडी नसल्याने माझी मुलगी व इतर” इथे तो थांबलाय. अर्जात घरचं माणूस आणायचं नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. हा अर्ज मी पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग तुमचे सगळे अर्ज तपासून दुसरीकडे काढले आणि फॉरमॅट सुरू केला.

आता तो चालतोय. कीबोर्ड नीट चालतो का बघायला म्हणून हे टाईप करायला घेतलं. वाचनालयात नेण्याआधी पुसून टाकेन. मघाशी आई मागे येऊन उभी राहिली. उजळलेल्या पडद्याकडे बघून खूश झाली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “त्यासले बिचारासले काय समजे? त्यासनी बिघाडं, तू नीट करी दिनं.”

मी हं म्हणाले.