नळीशिवाय ओतलेला माल

मंगळवार, दिवेलागण

आज फार थकल्यासारखं झालंय. हे एमआयडीसीतून आले नि दारातच सांगू लागले. कारखान्यात वितळलेलं पोलाद साच्यात सोडायच्या नळ्या संपल्या, म्हणून बिलेट, म्हणजे सळया लाटायचे ठोकळे, उघड्या धारेनंच ओतले. आणि साहेब म्हणतात, तपासनीस म्हणून माल चांगला असल्याची सही करा.

"करून टाका की," मी म्हणाले. का म्हणाले मी?

"अगं, उंचावरनं ताक ओतलं की फेस येतो न्हवं? तशी धारेत हवा शिरती. बिलेटात बारीक भोकं राहत्यात. त्याच्याच सळया इंदापूरला माझ्या ताईच्या नव्या घराच्या स्लॅबात गेल्या तर?"

तो फेस डोळ्यांपुढून हलेना. देवापुढं बसले, पण मागू काय? यांची नोकरी, की ताईंचं छप्पर? काहीच मागवेना. उठून म्हणाले, "नका करू सही."

"न्हायच केली," हे म्हणाले. "उद्यापासून येऊ नका म्हणालेत."