मिठाचा खडा

॥ श्री ॥
चौल,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५४

चि. दादू यास थोरल्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला आणि तू परत गोदीत कामाला जाऊ लागलास, हे वाचून बरं वाटलं. इकडे वाल पेरून झाले. गाय व्याली, कालवड आहे. माझ्या लग्नाला माघातली तारीख धरली का, गुणाजीकाकांकडे सुपारी फुटली का, असं तू विचारलं आहेस. ते खाली लिहितो. आधी जत्रेचं लिहितो.

दत्ताच्या जत्रेत यंदा सिनेमाचा तंबू आला होता. गुणाजीकाकांनीच मला नेलं. "चल रं मास्तर, आई गेल्यापासून तू हसला न्हाईस," म्हणाले. तिकीटही त्यांनीच काढलं.

चित्र गोऱ्या लोकांच्या देशातलं, फार जुन्या काळचं. बोलत नाही. पडद्याशेजारी तंबूवाल्याचा माणूस उभा राहून मराठीत सांगतो. एका गावात गाईंचं दूध आटतं आणि लोक एका बोळक्या म्हातारीला चेटकीण म्हणून कचेरीत ओढून आणतात. न्यायाधीशाच्या डोक्यावर हा एवढा केसांचा टोप. तिच्या झाडूवर पहारा बसवतात, मांजरीची साक्ष काढतात. मग न्यायाधीश फर्मावतो, हिला सुका पाव द्या. पाण्याशिवाय गिळला तर निर्दोष, घशात अडकला तर चेटकीण. म्हातारीला दात नाहीत. ती आपली पाव या गालातून त्या गालात फिरवते आहे. "अशी गीळ!" म्हणून न्यायाधीश स्वतःच एक तुकडा तोंडात टाकतो आणि तो त्याच्याच घशात अडकतो. डोळे बाहेर, टोप खाली. शिपाई त्यालाच बेड्या घालतात.

तंबू फुटेल इतके लोक हसले. मीही हसलो, दादू. आई गेल्यावर पहिल्यांदाच. गुणाजीकाका तर माझ्या पाठीवर थापा मारत होते. "काय येडी मान्सं रं ही!"

तेवढ्यात मागून आपल्या गावच्या सदूचा आवाज आला. "आरं, आपल्या मनुबाईला मीठ दिलेलं, तसंच हाय की!"

माझ्या पाठीवरचा हात तिथेच थांबला. कोणीतरी म्हटलं, "गप रं, तिचा ल्योक मास्तर हाय पुढं." आमच्या आसपासचं हसू एकदम बंद पडलं. तंबूवाल्याच्या माणसाला वाटलं, लोकांना कळलंच नाही. त्याने परत ओरडून सांगितलं, "मंडळी, पाव अडकला! न्यायाधीशच चेटकीण निघाला!" लांबचे लोक पुन्हा हसले. पुढचं चित्र मी पाहिलं, पण त्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही.

सकाळी शेजारच्या कृष्णाबाईंकडे गेलो. तू त्यांच्याच ओटीवर वाढलास. त्या खोटं बोलणार नाहीत. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "तुझ्या आयशीनं शपथ घातलेली, बाबाजी. पन आता सदूनंच तोंड उघडलं."

चैत्रात गुणाजीकाकांचा नातू तापाने गेला, ते तुला माहीत आहे. मी तेव्हा अलिबागच्या शाळेवर होतो. आदल्या दिवशी आईने त्या पोराला मांडीवर घेतलं होतं. भगताने तांदूळ पाहून आईचं नाव घेतलं. मग देवळामागे नेऊन तिच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला. भगताची आरती संपेपर्यंत खडा राहिला तर निर्दोष, विरघळला तर चेटकीण. तिने तो थुंकू नये म्हणून गुणाजीकाकांनी आपल्या हाताने तिचा जबडा धरला होता.

तोंडात मीठ विरघळणार नाही तर काय होणार, दादू? पहिलीतलं पोर सांगेल.

जबडा सुटल्यावर आई एवढंच म्हणाली, "मी मिठागरातली लेक हाय, भाऊ. मीठ इरघळतंच." त्यानंतर गावात तिच्या हातचं पाणी कोणी घेतलं नाही.

आषाढात मी आलो तेव्हा ती अळणी जेवत होती. विचारलं तर "व्रत हाय" म्हणाली. मी तुला तसंच कळवलं होतं. श्रावणात गेली तीही तशीच, मीठ तोंडात न घेता.

मी कृष्णाबाईंना विचारलं, मग काका आपली लेक कोकिळा आमच्या दादूला का देतात? दिवसकार्य होताच ते स्वतः चालून आले होते. वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, म्हणून घाई करत होते. मला तो त्यांचा चांगुलपणा वाटला होता.

"चांगुलपना कसला! भ्यालाय तो. भगतानं सांगितलं, मेलेल्या चेटकिणीच्या घरात लेक दिली की तिचा हात आपल्या पोरांवर पडत न्हाय."

म्हणजे तंबूत माझ्या पाठीवर थापा मारतानाही तो माणूस आईला भीतच होता. हे मला अजून समजत नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो की तेच डोक्यात येतं.

काल ते सुपारी घेऊन आले. मी ताक दिलं. एक घोट घेऊन म्हणाले, "मीठ घातलं न्हाय रं?"

मी म्हटलं, "या घरात मीठ विरघळतं, काका."

काकांनी भांडं पुन्हा तोंडाला लावलं. सगळं ताक प्यायले, भांडं पालथं घातलं आणि सुपारी तिथेच ठेवून निघून गेले.

कोकिळेचा यात दोष नाही. तेही लिहायलाच हवं. आईच्या शेवटच्या दिवसांत परसदारी पेजेचं भांडं ठेवून जायची ती तीच, असं कृष्णाबाई सांगतात. बापाच्या चोरून. आणि ती पेज अळणी असायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या पंगतीत पानावर पहिलं मीठ वाढतात. ते वाढायचं की नाही, हे तू ठरव. हो म्हण की नाही म्हण, मी तुझ्या मागे आहे. पण न कळता हो म्हणू नकोस, म्हणून हे लिहिलं. सुपारी आईच्या फळीवर ठेवली आहे, न फोडता.

प्रकृतीला जप.

मनुबाईचा थोरला,
बाबाजी